ड्रेपरीवाल्याच्या हँगरवरचा गोवा

शाळेचा व्हॉट्सॲप मेसेज येतो, "मुलांनी गोव्याच्या पारंपरिक वेशात यावे", आणि त्या आठवड्यात म्हापसा म्हणा डिचोली म्हणा फोंडा म्हणा, ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकांचे पोशाख देणाऱ्या, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे ड्रेपरीवाल्यांचा खरा धंदा जत्रेच्या नाटकांवर, वाडा तिथे देऊळ आणि देऊळ तिथे जत्रेचं नाटक, त्यामुळे शिवाजी, अफझलखान, नारद, कंस सगळे लहान-मोठ्या मापात लटकलेले असतात. पण "गोंयचो ड्रेस" मागितला की दोनच हँगर खाली येतात. मुलग्याला फुलाफुलांचा शर्ट नाहीतर काश्टी (लंगोटी) आणि गवताची टोपी, मुलीला लाल चौकड्यांची कुणबी साडी, पॉलिएस्टरची, आधीच शिवून ठेवलेली, मागे वेल्क्रो. स्कर्टसारखी चढवायची की झालं.

वहिनीबरोबर मी गेले होते, भाची मधे उभी, साडी अंगाला लावून बघते नि मला विचारते, "आत्ये, ही एवढी आखूड का गो?" दुकानदार म्हणाला "तशीच असते ती". उत्तर बरोबरच आहे म्हणा, पण त्याच्यात काहीच नाही ना.

आखूड असते कारण ती चिखलात उतरायची साडी. कुणबी, गावडे, वेळीप ही गोव्याची मूळची माणसं, इथली खाडीकाठची खाजन शेतं बांधली, डोंगरावर कुमेरी, म्हणजे रान जाळून फिरती शेती, केली ती त्यांनी (सरकारदरबारी अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला मात्र २००३ उजाडलं). लावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून पोटरीभर चिखलात उभं राहायचं तर पायघोळ साडी काय कामाची, आणि सारखा पदर सावरायला हात तरी मोकळे कुठे असतात. म्हणून जाड सुती कापड, गुडघ्याच्या आसपास आवरून घेतलेलं, आणि पदराची खांद्यावर घट्ट गाठ, तिला देठली म्हणतात. ती देठली हीच खरी कारागिरी, पिन नको काही नको, बाई वाकली, ओझं डोक्यावर घेतलं, पोर काखेला मारलं तरी साडी जागची हलत नाही. ड्रेपरीच्या साडीला देठलीसुद्धा आधीच शिवून लावलेली असते, बटणासारखी. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ही साडी शिकायची तीच त्यांनी उरकून टाकली.

आणि गंमत बघा, हिंदू गावडी आणि ख्रिस्ती कुणबी, दोघींचं नेसणं जवळपास एकच. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत हजारो ख्रिस्ती गावडे परत हिंदू झाले, नवहिंदू गावडे म्हणतात त्यांना. एकदा धर्म गेला, एकदा परत आला, आणि या सगळ्या उलाढालीत बायकांचं नेसणं फारसं बदललं नाही, शेत तेच होतं ना.

ही साडी मधल्या काळात अंगावरून उतरत गेली, म्हाताऱ्या बायांपुरती राहिली, मग कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी साधारण २०१० च्या सुमारास ती हातमागावर परत विणून घेऊन रॅम्पवर नेली. लांबी वाढवली, रंग वाढवले, आणि अचानक पणजीच्या बुटीकमध्ये कुणबी साडी दिसायला लागली. काही लोकांनी नाकं मुरडली की ही कसली कुणबी, ही तर शहरी बायांची. मला विचाराल तर मला ते आवडलं, कारण माणसाने काम केलं, विणकर शोधले, 'मोडा गोवा' नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं, कोलवाळच्या आपल्या जुन्या घरात वेशभूषेचं म्युझियम करायचं मनावर घेतलं. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० च्या फेब्रुवारीत गेले. रंग बदललेला सुती कापडाचा तुकडा मला वेल्क्रोपेक्षा केव्हाही चालेल.

पण गोव्याचा वेश म्हणजे एकटी कुणबी साडी असं धरून बसलो की बाकीचं सगळं दिसेनासं होतं, आणि बाकीचं केवढं आहे! एवढ्याशा राज्यात एका तालुक्याचा वेश दुसऱ्या तालुक्याला माहीत नसतो. त्याला इतिहास पण आहे. इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचं, १७३६ चं एक फर्मान आहे, ते वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. ख्रिस्ती झालेल्या पुरुषांनी पुडवं (धोतर) नेसायचं नाही, बायकांनी हिंदू बायकांसारखी चोळी घालायची नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, विडे वाटायचे नाहीत, तुळस लावायची नाही. बसून एकेक गोष्ट यादीत घातलेली आहे. कपड्यांची आणि गाण्यांची एवढी भीती वाटत होती म्हणजे बघा. हे चाललं जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, सासष्टी, बार्देश, तिसवाडी. आमचा भाग, पेडणे, डिचोली, सत्तरी, पोर्तुगीजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, तोवर त्यांचा तो जोर ओसरला होता, त्यामुळे आमच्याकडे शिगमो (आमची होळी), धालो (बायकांचा रात्रीचा नाच) उघड्यावर राहिले. तिकडे मात्र तेच आडवाटेने राहिलं. चांदरला, म्हणजे कदंबांच्या चंद्रपूरला, कार्निव्हलच्या दिवसांत ख्रिस्ती चार्डो (क्षत्रिय) लोक हातात मुसळं घेऊन, पायात चाळ बांधून मुसळखेळ खेळतात, ऐन कार्निव्हलमध्ये! बाकी गोवा कार्निव्हलच्या राजाच्या, किंग मोमोच्या मागे नाचत असतो आणि हे मुसळं आपटत घरोघर फिरत असतात.

सासष्टीतल्या श्रीमंत ख्रिस्ती घरांतला पान-बाजू हा अजून वेगळा प्रकार. मांडो, ख्रिस्ती घरांतला गाण्यावरचा संथ नाच, नाचायला बायका घालत, कमरेला गुंडाळायचं जरीचं पान आणि वर मखमलीचा बाजू, त्यावर सोनेरी भरतकाम, हातात पंखा. बाजू हा आला मलाक्का-इंडोनेशियाच्या बाजूने, पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने. म्हणजे ज्या घरात चोळीवर बंदी आली त्या घरात मलय झगा आला, आणि त्यात बाई अशी हळू पावलं टाकत मांडो नाचते की बघणाऱ्याला वाटावं हे शेकडो वर्षं इथलंच. आणि आता आहेच इथलं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं घोडेमोडणी. माझं आजोळ सत्तरीत, मामा घोडा घ्यायचा. शिगम्यात घोडेमोडणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पणजीची मिरवणूक येते, तिथे ट्रॅफिक अडवलेला, लाइटिंग, समोर पाहुणे खुर्च्यांवर. गावात हे अंधारलेल्या वेळी, देवळासमोर होतं. लाकडी तोंडाचा घोडा, खाली बांबूचा सांगाडा, वरून फुलं आणि रंगीत कपडा, तो कमरेला बांधायचा, म्हणजे वरून माणूस आणि खालून घोडा. डोक्याला पागोटं, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात नागवी तलवार, आणि ढोल-ताशावर पुढे मागे पुढे मागे. या नाचाला गाणं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक शब्द नाही. नुसता ढोल आणि घुंगरं आणि मधे "ओस्सय". सत्तरीचे राणे पोर्तुगीजांशी लढत राहिले, त्यांच्या शौर्याची आठवण म्हणून हे नाचतात असं सगळे सांगतात. मामा एवढं सगळं सांगत बसायचा नाही, त्याला काळजी असायची ती सांगाड्याची गाठ कमरेला कुठे काचते त्याची. आत जुनी धोतरं गुंडाळून घ्यायचा. त्या दिवसांत मासळी नाही, दारू नाही, घोड्याला पाय लागू द्यायचा नाही, आणि घोडा उचलण्याआधी देवासमोर गाऱ्हाणं. आम्ही पोरं तो घोडा घरात टेकवून ठेवलेला असेल तर लांबूनच बघायचो. मामी त्याच्यासमोर कुंकू लावलेला नारळ ठेवायची आणि मग आम्हाला तिथे खेळायची बंदी.

आता हाच घोडा फ्लोटवर येतो तेव्हा त्याला प्लास्टिकची फुलं असतात नि सगळ्यांना एकसारखे सॅटिनचे कुडते, कारण परीक्षकांना "युनिफॉर्मिटी" हवी असते, त्याला मार्क असतात. मला हे खुपतं खरं. पण तेवढंच खरं हेही की बक्षिसाच्या पैशांवर गावातल्या पथकाचे ढोल नवीन होतात, आणि नोकरीला वेर्णा-पणजीला जाणारी पोरं महिनाभर आधी संध्याकाळी प्रॅक्टिसला जमतात. नाहीतर कोण जमवणार होतं त्यांना. तेव्हा मी पणजीला पण बघते, गावात पण बघते, फक्त दोन्ही एकच आहे असं कोणी म्हणू नये.

धालो तर स्टेजवर नेला की मला ओळखूच येत नाही. पौषात, भात घरात आल्यावर, रात्री जेवणं उरकून बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे कोणाचं तरी अंगणच, पण वर्षानुवर्षं ठरलेलं, सारवलेलं, तिथे एरवीसुद्धा घाण करायची नाही. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला हात, कंबरेत वाकायचं आणि गात गात पुढे यायचं, मागे जायचं, पहाटेपर्यंत. वेश काय म्हणाल तर काहीच नाही, जी साडी नेसून दिवसभर राबली तीच, फार तर केसात अबोलीची नाहीतर शेवंतीची फाती (वेणी). स्टेजवर मात्र सगळ्या एकाच रंगाच्या नऊवारीत, आणि आठ मिनिटांत धालो संपतो! जो प्रकार रात्र रात्र चालतो, पाच-सात रात्री चालतो.

खरा वेश धालोत शेवटच्या रात्री दिसतो, तेव्हा बायका सोंगं काढतात. आमच्या माहेरच्या वाड्यावरची एक काकी, एरवी डोकं वर करून बोलणार नाही अशी, तिने त्या रात्री घोवाची (नवऱ्याची) खाकी पँट चढवली, कोळशाने मिशी काढली आणि पोलीस होऊन वाड्यावरच्या एकेका बाईची झडती घेत सुटली, कोणाच्या घरात किती काजूची दारू लपवली आहे ते सगळं मोठ्याने सांगत. आम्ही हसून हसून जमिनीवर. पुरुषांना त्या मांडावर यायची मुभा नसते, ते लांब कुठेतरी अंधारात. म्हणून तर ती मिशी निघते. हे कुठल्या ड्रेपरीत मिळणार, आणि कॅमेरा समोर धरला तर काकी मिशी काढेल का?

लोकवेश म्हटलं की आपण माणसांचेच कपडे बघतो, पण आमच्याकडे न दिसणाऱ्यांचे कपडे जास्त पक्के ठरलेले आहेत. देवचार घ्या. गावाच्या सीमेचा राखणदार. बघितलेला कुणीच नाही, पण अंगावर काय असतं हे लहान पोरगं पण सांगेल, खांद्याला घोंगडी, हातात दांडा, रात्री-अपरात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. त्याला रोट (जाड भाकरी) द्यायचा, सोरो (दारू) द्यायचा, विडी द्यायची, आणि ख्रिस्ती शेजारी तिथेच मेणबत्ती लावतात. वेताळाला काही गावांत चामड्याच्या वहाणा अर्पण करतात, मोठ्ठ्या, आणि काही दिवसांनी त्या झिजलेल्या दिसतात म्हणे, कारण देव रात्रभर गाव फिरतो. मला लहानपणापासून प्रश्न पडलाय की पहिल्यांदा ज्या कारागिराने त्या शिवल्या त्याने माप कोणाचं घेतलं असेल. एवढ्या मोठ्या वहाणेला टाके घालायचे म्हणजे सुई पण तशीच लागणार.

आणि ती घोंगडी घाटावरून येते. आमच्या पावसात मेंढी टिकत नाही, इथले धनगर म्हशी-शेळ्या पाळतात. दसऱ्याच्या आसपास सत्तरी-डिचोलीतल्या धनगरवाड्यांवर ते गजा नाचतात, पांढरे घेरदार कपडे, ढोल, पावा. मेंढ्या गेल्या, लोकर गेली, नाच राहिला.

काही वेश तर संध्याकाळी सुकून जातात. सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला, पोरं डोक्यावर कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, वेली, रानफुलं, फळं, जे हाताला लागेल ते गुंफून केलेला मुकुट. दरवर्षी नवा करायचा, दुसऱ्या दिवशी फेकायचा. आता प्लास्टिकच्या फुलांचे कोपेल बाजारात मिळतात. ते घालून विहिरीत उडी मारली तर विहिरीचं काय होतं ते विहीर साफ करणाऱ्याला विचारा.

घुमटाची गोष्ट उलटी, तिथे वस्तू बदलली ती चांगल्यासाठी. मातीचं मडकं, एक तोंड मोठं एक लहान, मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली, मग बरीच वर्षं घुमट घरात आहे हे सांगायलाच लोक घाबरायचे, चवथीला (गणेश चतुर्थीला) आरती तर घुमटाशिवाय रंगत नाही आणि घुमट तर बेकायदा. हळूहळू बकऱ्याचं कातडं आलं. जुने लोक म्हणतात तो नाद नाही येत, मला तरी ऐकून फरक कळतो पण एवढासा, घोरपड वाचली ते बरंच. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. चवथीच्या आधी डिचोलीच्या कुंभाराकडे गेलात तर मडकं नुसतं वाजवून बघूनच तो सांगतो हे घुमटाला चालेल, हे नाही.

पणजीत साधारण जानेवारीत कला अकादमीजवळ दर्या संगमावर लोकोत्सव भरतो, देशभरातले कारागीर आणि लोककलाकार येतात, मी सहसा चुकवत नाही. लोक तिथे मुख्यतः चादरी आणि लोणची घ्यायला जातात (मी पण घेते). तिथे एकदा पुरुलियाचा छाऊ बघितला. त्यांचे ते मुखवटे, कागदाचा लगदा, माती, वर पिसं आणि मणी, एवढा मोठा डोलारा डोक्यावर घेऊन माणूस हवेत उडी मारून गुडघ्यावर पडतो. पुरुलियात चडिदा नावाचं गाव आहे, तिथे घरोघर हेच मुखवटे करतात. छाऊ २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. ते बघताना मला आपले पेरणी आठवले. पेरणी जागर हा गोव्यातला फार जुना मुखवट्यांचा खेळ, लाकडी रंगवलेले मुखवटे, पेरणी समाजाची माणसं देवळांसमोर करायची. आता करणारे अगदीच थोडे, आणि मुखवटे घरातल्या पेटीत. इथल्या शाळेतल्या पोरांना स्पायडरमॅनचा मुखवटा माहीत आहे, पेरण्यांचा नाही. ड्रेपरीत तर नावही काढू नका.

दुसरी आठवण कवंदीची. आमच्या शेजारी, उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, त्यातले कितीतरी पळून घाट चढून गेले, त्यांचे हे वंशज. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती, घरात बोलतात ते कोकणीच्या वळणाचं, मला जवळजवळ सगळं कळतं. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात ती कवंदी. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत घालत आत मधोमध यायचं, आणि चार कोपऱ्यांना कपड्याच्या घड्यांची फुलं बसवायची. फुलं नसतील तर ती कवंदी नागवी, असं त्या म्हणतात. एका प्रदर्शनात मी हात लावून बघितली, एका तुकड्यात लाल-पांढरी चौकड होती. कुणाच्या साडीची होती देव जाणे, विचारलं तर ती बाई हसली आणि म्हणाली बाजारातून आणलेल्या जुन्या कपड्यांतली. पळून गेलेल्यांचे अंगावरचे कपडे कसले असणार, पण गोधडी मात्र चार कोपऱ्यांना फुलं लावून. ज्या गोव्यातून ते पळाले त्या गोव्यात आज ती कवंदी "एथनिक क्विल्ट" म्हणून हजारोंना विकली जाते, आणि शाळेतल्या "डायव्हर्स कल्चर्स"च्या तक्त्यावर सिद्दींचं नाव नसतं.

भाचीला शेवटी काय घातलं विचाराल, तर वहिनीने ड्रेपरीचीच साडी घेतली, सकाळी सातची बस, कोण देठली बांधत बसणार, मीही काही बोलले नाही. पण रविवारी फोंड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका गावडी बाईला मी विचारलं तर तिने तिथल्या तिथे, टोपली बाजूला सारून, माझ्या ओढणीवर देठली बांधून दाखवली. आधी टोकाची घडी, मग खांद्यावरून आणलेल्या पदराला वेढा, आणि ओढायचं खालच्या बाजूला. दोनदा दाखवली. मग म्हणाली आता वाल घे.

कोणाला खरंच बघायचं असेल तर सोपं आहे, शिगम्यात पणजीची मिरवणूक झाली की दोन-तीन दिवस काढून सत्तरीत जा, तारखा गावोगाव वेगळ्या असतात, देवळात फोन केला की सांगतात. कुंकळ्ळीला त्याच दिवसांत सोंत्रीयो असतात, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीच्या छत्र्या, बारा वांगडांच्या (कुळांच्या) बारा, फातर्प्याहून मिरवत आणतात आणि सगळा रस्ता गुलालाने लाल होतो, जुने कपडे घालून जा. पौषात धालो बघायचा असेल तर बायकांनी ओळखीच्या कुणाबरोबर जावं, मांडावर चढायच्या आधी चप्पल खाली काढावी आणि व्हिडिओ काढायचा तर विचारून, शेवटच्या रात्री तर विचारूही नये.